पिंपातला खांब

शेड झाडून झाल्यावर झिलईआबांनी कोपऱ्यातला रिकामा खोका उचलला, आणि तो रिकामा नव्हता.

आधी त्यांना वाटलं, आत कागदच जास्त असतील. माल पाठवणारे लोक एका स्क्रूभोवती वर्तमानपत्राची अख्खी पुरवणी गुंडाळतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण कागद असा एका बाजूला घरंगळत नाही. त्यांनी खोका बाकावर ठेवून आत हात घातला. हाताला काहीतरी गार, गोल आणि लांब लागलं. बाहेर काढलं तर स्टीलचा खांब, कारखान्यातून आला तसा, मंद करड्या रंगाचा. आबांच्या हातचं पॉलिश त्याला लागलेलंच नव्हतं.

खांब म्हणजे घराचा नव्हे. शिडाच्या होडीला दोन्ही अंगांनी कठडा असतो, माणूस पाण्यात पडू नये म्हणून. डेकच्या कडेला मांडीएवढ्या उंचीच्या पोकळ नळ्या उभ्या बसवलेल्या असतात आणि त्यांच्यातून दोन तारा ओवलेल्या असतात, एक शेंड्यातून आणि एक मधल्या भोकातून. झाला कठडा. होडी वाऱ्याने कलली की माणूस आणि समुद्र यांच्यामध्ये तेवढंच असतं. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या होडीला असे आठ खांब होते, चार डावीकडे आणि चार उजवीकडे. होडी आबांच्या लेकीपेक्षा वयाने मोठी, त्यामुळे आठही बदलायचे ठरलं होतं. आठ नवे मागवले, आठ आले. काल लेकीने आठ बसवले, तारा ओवल्या, ताणून घट्ट केल्या. आज सकाळी होडी पाण्यात गेली.

मग हा इथे कसा?

आबांनी खांब खाली ठेवला आणि ते दाराजवळच्या पिंपाकडे गेले. होड्या दुरुस्त करायची ही शेड आता लेकीची होती आणि शेडचा कायदाही तिचाच होता: होडीवरून उतरलेली वस्तू थेट पिंपात, होडीवर चढायची वस्तू बाकावर, आणि पिंपातली वस्तू पुन्हा कधीही बाकावर यायची नाही. गोदीतले लोक तिच्या या शिस्तीची टिंगल करायचे. ती ऐकून घ्यायची आणि स्वतःला हवं तेच करायची.

आबांनी पिंपातले जुने खांब एकेक करून बाहेर काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. सात भरले. त्यांनी पिंप आडवं केलं, आत वाकून बघितलं, पुन्हा मोजले. सातच.

त्या सातांपैकी दोघांच्या बुडाजवळ लाल पेन्सिलीची गोल रेघ होती. बुधवारी रात्री जेवताना लेक म्हणाली होती की आठांतल्या तीन खांबांना तडे गेलेत, मी खूण करून ठेवलीय, मास्तरांना दाखवीन. तीन म्हणाली होती. इथे रेघा दोनच होत्या.

आबा हळूच स्टुलावर बसले. तिसरी लाल रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने, थिनरच्या बोळ्याने पुसली होती.

झालं होतं असं. गुरुवारी शाळा सुटल्यावर नात शेडमध्ये आली होती. अकरा वर्षांची पोरगी, पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरी. तिने विचारलं, आबा, स्टील आतूनच चमकतं की तू त्याला काही लावतोस? आबांना असा प्रश्न म्हणजे मेजवानी. चाळीस वर्षं त्यांनी धातूला झिलई करण्यात घालवली होती, त्यावरूनच तर सगळ्या गोदीने त्यांना हे नाव ठेवलं होतं. सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं, पण नव्या खांबावर पोरीचा हात बसू द्यायचा नव्हता. म्हणून त्यांनी पिंपातला त्यातल्या त्यात बरा दिसणारा एक काढला. बुडाशी काही लाल लागलं होतं, ते पुसलं. मधल्या भोकाची कड तारेने खाल्ली होती, ती सवयीने कानशीने गोल केली. मग दोघांनी मिळून आधी जाड कागद, मग बारीक, मग बफ, म्हणजे फिरतं कापडी चाक. दीड तासाने भिंगरीला खांबात स्वतःचे दात दिसले. आईला दाखवू म्हणून तो बाकावर ठेवला, आबांनी आधीच पॉलिश केलेल्या सात नव्या खांबांच्या शेजारी. आठवा नवा खोक्यातच होता, त्याला सकाळी हात लावायचा होता.

शुक्रवारी आबांचा गुडघा सुजला आणि ते दवाखान्यात जाऊन बसले. परत आले तर बाक मोकळा. त्यांना वाटलं, लेकीने आठवा तसाच, बिनपॉलिशचा बसवला असेल. थोडा रागही आला होता. तेवढंच. बाकी काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आणि पॉलिशची खरी गंमत ही की बफचं चाक धातू नुसता घासत नाही, त्याला थोडं लोटतं, पसरवतं. केसाएवढा तडा असला तर दुधावर साय धरावी तसा धातू त्याच्या तोंडावर पसरतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. हे आबांइतकं गोदीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

होडीवर आत्ता तिघं होती. मास्तर, लेक आणि भिंगरी.

आबांनी लेकीला फोन लावला. तो समोरच्या फळीवर, चार्जरला लावलेल्या जागी वाजायला लागला. मास्तर फोन वापरतच नसत. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने घरी यावं, असं त्यांचं म्हणणं. राहिलं बंदराचं रेडिओघर. शेडपासून दोनशे पावलं आणि वर जायला बावीस पायऱ्या.

आबांनी ते अंतर कसं कापलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. गुडघा प्रत्येक पायरीला ओरडत होता आणि ते मनात एकच हिशेब करत होते. आठातला एक. भिंगरी बसते कुठे, धरते काय. तिच्या अंगात फुगणारं जॅकेट होतं, पोहता येत होतं, पण भरती ओसरायला लागली की बंदराच्या बांधाच्या टोकाशी पाणी कसं ओढतं ते त्यांनी उभ्या जन्मात अनेकदा पाहिलं होतं. तिथे जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं आणि प्रवाह त्याला तरंगतच खडकांवर नेतो.

रेडिओघरात एक तरुण मुलगी बसायची. सगळे तिला रेडिओवालीच म्हणत. आबांना धापा टाकताना बघून तिने आधी खुर्ची पुढे केली. आबा बसले नाहीत. खिडकीतून बांधापलीकडचा समुद्र दिसत होता, त्याच्यावर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, आणि त्यात मास्तरांचं तपकिरी शीड चांगलंच कललेलं होतं.

मास्तरांना परत बोलव, ते म्हणाले. तिने साहजिकच विचारलं, काय सांगू, का?

आबांनी भिंतीवरच्या त्या काळ्या पेटीकडे पाहिलं. तिच्यातून बोललेलं एकट्या मास्तरांना जात नाही. बंदरातल्या प्रत्येक होडीत, लाँचमध्ये, मासे उतरवणाऱ्यांच्या टपरीतसुद्धा ही पेटी दिवसभर चालू असते. लोक कामं करता करता ऐकतात. चाळीस वर्षं या सगळ्यांनी आबांच्या हाताखालून गेलेल्या वस्तूकडे खात्री करायला दुसऱ्यांदा वळून पाहिलं नव्हतं.

"थोडं काम राहिलंय म्हणून सांग," आबा म्हणाले.

तिने बटण दाबून तसंच सांगितलं. थोडी खरखर झाली आणि मास्तरांचा आवाज आला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असा. एका कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते जगाशी याच पट्टीत बोलत.

"काम? आत्ता? बरं, बरं. वळवतो एवढ्यात. भिंगरी निघालीच आहे पुढे, दोर सोडवायला."

रेडिओवालीने समाधानाने मान हलवली. आबा मात्र झटकन खिडकीकडे वळले.

होडी परत फिरवायची म्हणजे गाडी वळवण्यासारखं नसतं. वारा एका अंगाला असतो तो दुसऱ्या अंगाला घ्यावा लागतो. शिडं फडफडत एकीकडून दुसरीकडे जातात. त्या गडबडीत पुढच्या शिडाचा दोर हमखास कठड्याच्या एखाद्या खांबाच्या शेंड्यात अडकतो. मग कुणीतरी कडेकडेने पुढे जाऊन, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने तो दोर झटकून सोडवायचा असतो. मास्तरांच्या होडीवर हे काम हलक्या पावलांच्या भिंगरीचं होतं. तिला त्याचा फार अभिमान होता.

म्हणजे कारण लपवून नुसतं परत बोलावून त्यांनी तिला नेमकं त्या खांबांकडेच पाठवलं होतं.

आबांनी रेडिओवालीच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावून घेतला.

"मास्तर, वळवू नका. मी आबा बोलतोय. वळवू नका."

खरखर. मग पलीकडून हसू आलं. "आबा, एकदा ठरवा बुवा. या म्हणता, येऊ नका म्हणता. वर्गातला पोरगा आहे का मी, आत-बाहेर करायला?"

आबांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"कठड्याचा एक खांब जुना आहे. तडा गेलेला. गुरुवारी मी तो पिंपातून काढला, पॉलिश केला आणि नव्यांच्या रांगेत ठेवला. लेकीला यातलं काही माहीत नाही. चूक माझी आहे. आठातला कुठला ते मला माहीत नाही. भिंगरीला कठड्यापासून लांब घ्या, मग वळवा. आधी तिला घ्या."

बोलून झालं तरी पेटी गप्पच. आबा पेटीकडे बघत राहिले. शेवटी रेडिओवालीने त्यांचा अंगठा अलगद उचलला. बटण दाबलेलं असेल तर पलीकडचं ऐकू येत नाही, हे ते विसरले होते.

अंगठा सुटताच लेकीचा आवाज आला. अर्धं वाक्य आधीच निघून गेलं होतं.

"...कुठल्या बाजूला, बाबा?"

"माहीत नाही गं."

"ओळखू कसा?"

तिच्या आवाजात ना राग होता ना भीती. तिला पाना हवा असला की ती अशीच मागायची. त्या आवाजाने आबांचं डोकं जागेवर आलं. त्यांनी आठवलं, बोटांनी आठवलं, आणि म्हणाले, "मधलं भोक बघ. तारेने झिजलं होतं, मी कानशीने गोल केलं. बाकीच्यांपेक्षा मोठं असेल. तारेच्या बाजूला करंगळीचं नख जाईल."

"बरं," ती म्हणाली, आणि पेटी बंद झाली.

रेडिओवालीने खिडकीतली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. आबांनी ती डोळ्यांना लावली. धापेबरोबर दुर्बीण इतकी हलत होती की समुद्र, आकाश, बांध, सगळं एकमेकांत मिसळलं. तिने मागून त्यांची कोपरं धरली, तेव्हा कुठे चित्र थांबलं.

तपकिरी शीड. कललेली पांढरी होडी. मागे सुकाणूशी मास्तरांची टोपी. आणि पुढे, डोलकाठीच्याही पुढे, वर उचललेल्या कडेवर एक नारिंगी ठिपका. भिंगरी तारेला पाठ टेकून बसली होती. होडी कलली की सगळीच पोरं तशी बसतात, वरच्या कडेला, कठड्यावर रेलून, झोपाळ्यावर बसल्यासारखी.

होडीच्या समोर खडकांची रांग होती. भरतीत ती दिसत नाही, नुसतं पाणी तिथे जरा वेगळं उसळतं. मास्तरांना ती पाठ होती. याच वाटेने गेलं तर आणखी तीन, फार तर चार मिनिटं. त्यानंतर मनात असो नसो, वळवायलाच हवं.

ओरडू नको, आबा मनात लेकीला म्हणत होते. ओरडलीस तर ती दचकेल, आणि दचकलेलं पोर आधी कठडा धरतं.

पेटीतून एक वेगळाच आवाज आला. बंदरातला लाँचवाला. याच माणसाने लेकीच्या पिंपावरून सगळ्यात जास्त विनोद केले होते. मी बांधाच्या आतच आहे, तो म्हणाला, इंजिन चालू केलंय, टोकाशी जाऊन थांबतो. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

दुर्बिणीत आणखी एक ठिपका दिसला, पिवळा. लेक सुकाणूजवळून पुढे निघाली होती. उभी नव्हती, गुडघ्यांवर होती, होडीच्या मधल्या उंचवट्याला धरून. ती डोलकाठीपाशी थांबली. नारिंगी ठिपका हलला नाही. खोलीत फक्त पेटीची बारीक खरखर होती.

मग नारिंगी ठिपका कडेपासून सुटला आणि आत सरकला. एक हात. दोन हात. एक लाट होडीच्या नाकावर फुटली आणि दोन्ही ठिपके पांढऱ्यात बुडाले. आबांच्या तोंडून आवाज निघाला, कसला ते त्यांनाही कळलं नाही. पांढरं ओसरलं तेव्हा नारिंगी पिवळ्याला चिकटलेलं होतं. दोन्ही मिळून मागे सरकत होते, इतके सावकाश की आबांना वाटलं, आपणच कुठेतरी वेळेचा दोर धरून ठेवलाय.

"आली," लेकीचा आवाज आला. "माझ्या पायांत बसलीय. बाबा, आम्ही वळवतोय."

आबांनी दुर्बीण काढली नाही. त्यांनी तपकिरी शीड फडफडताना पाहिलं, होडी सरळ होताना पाहिली, मग दुसऱ्या अंगाला कलताना. पुढचं शीड चाबकासारखं आडवं गेलं, त्याचा दोर कुठेतरी अडकला, ताणला, आणि सुटला. लांबून कठड्याच्या तारा दिसत नव्हत्या. काय झालं ते त्यांना कळलं नाही. होडीचं नाक बंदराकडे झालं होतं, एवढं मात्र कळलं.

बऱ्याच वेळाने पेटी पुन्हा बोलली.

"डावीकडचा तिसरा," लेक म्हणाली. "दोर अडकला आणि खांब बुडातून गेला. डावीकडच्या दोन्ही तारा लोंबतायत. तिथे कुणी नव्हतं, बाबा."

रेडिओवालीने पुन्हा खुर्ची पुढे केली. या वेळी आबा बसले.

होडी धक्क्याला लागली तेव्हा तिथे सहा-सातजण जमले होते. एरवी कुणी ढुंकून बघत नाही, पण आज सगळ्यांनाच काहीतरी काम निघालं होतं. आबा त्यांच्यामधून खाली आले. वाट देताना कुणी काही बोललं नाही. ते बोलले असते तर आबांना बरं वाटलं असतं. लाँचवाल्याने फक्त दोर झेलला, बांधला, आणि मास्तरांना हात देऊन उतरवलं. मास्तरांनी टोपी काढून पिळली आणि आबांच्या खांद्यावर ओला हात ठेवला. माझ्या वर्गात उशिरा खरं बोलणाऱ्यालाही मी बाकावर उभं करत नसे, असं ते त्यांच्या पट्टीत म्हणाले, आणि ते सगळ्या धक्क्याने ऐकलं. त्यांचा हेतू चांगला होता.

भिंगरी उतरली आणि कुणाकडे न बघता धक्क्याच्या टोकाशी जाऊन बसली.

लेक होडीवरच होती. ती डेकवर पालथी पडून डाव्या बाजूच्या तिसऱ्या बैठकीच्या खोबणीतून खांबाचं मोडलेलं बूड पक्कडीने उपसत होती. आबा कसेबसे होडीवर चढले आणि तिच्या शेजारी टेकले. बूड निघालं. तिने ते त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"मी पण बघितलं नाही," ती म्हणाली. "तार ओवताना भोकात जरा सैल गेली होती. मला जाणवलं होतं. पण खांब तुमच्या बाकावरचा होता, म्हणून पुढे गेले."

आबा म्हणाले, यापुढे माझ्या बाकावरचं आहे म्हणून सोडू नकोस.

"नाही सोडणार," ती म्हणाली. एवढं बोलून तिने मान खाली घातली आणि पुन्हा पक्कड उचलली. थोडा वेळ आबा तिथेच बसून राहिले. नाही हो बाबा, तसं काही नाही, असं ती म्हणेल अशी वेडी आशा त्यांना होती. ती तसं म्हणाली नाही, आणि तिने म्हणू नये हेच बरोबर होतं, हेही त्यांना समजत होतं. आजपासून लेक त्यांची प्रत्येक वस्तू उजेडात धरून तपासणार होती आणि ते शेजारी उभं राहून वाट बघणार होते.

मग ते उठून भिंगरीकडे गेले. गुडघा वाकवायला बराच वेळ लागला, तरी तिच्यासारखेच पाय खाली सोडून बसले. तिचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशांत खोल गेलेले होते.

"तो मी घासला होता ना," ती म्हणाली.

आबांनी बूड तिच्यापुढे धरलं. मोडल्या जागी गोल कड होती, बांगडीसारखी. तिचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी, जवळजवळ काळा पडला होता. एका बाजूला छोटासा तुकडा मात्र लखलखीत होता, साखरेच्या दाण्यांसारखा.

त्यांनी तिला ते वाचायला शिकवलं. तपकिरी आहे तेवढं आधीच तुटलेलं होतं. नळीचं बूड बैठकीत रुतलेलं असतं, तिथे पाणी शिरतं आणि वाळत नाही, हवा लागत नाही, आणि स्टील गुपचूप कुरतडलं जातं. वर्षानुवर्षं. चमकतंय तेवढं आज तुटलं. म्हणजे खांब आज सकाळी फक्त एवढ्याशावर उभा होता. तू गुरुवारी हात लावलास त्याच्या कितीतरी आधीपासून तो असाच होता. तुझ्या घासण्याने तो मोडला नाही. घासल्यावर तो चांगला दिसायला लागला, आणि चांगला दिसणारा खांब बाकावर ठेवला तो मी.

भिंगरीने खिशातून एक हात काढून तपकिरी भागावर बोट फिरवलं, मग चमकत्या भागावर. मग बोटाकडे बघितलं.

आईने मला ओरडून नाही बोलावलं, ती म्हणाली. माझ्याजवळ येऊन म्हणाली, जरा माझ्या बुटाची नाडी सुटलीय, ती धर. मला वाटलं, आई वेडी झाली, बुटाला नाडीच नाहीये. म्हणून बघायला आत गेले.

आबा हसले, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले.

"आबा," भिंगरी म्हणाली, "तू आधी नुसतं परत या का म्हणालास?"

हा प्रश्न धक्क्यावर कुणीच विचारला नव्हता. लेकीने नाही, मास्तरांनी नाही. रेडिओवालीने तर नाहीच, आणि ती तेव्हा रेडिओघरात शेजारीच होती. आबांना वाटलं, गुडघ्याचं सांगावं, धाप लागली होती म्हणावं. दोन्ही खोटं नव्हतं.

"लाज वाटली म्हणून," ते म्हणाले. "सगळे ऐकतात ना तिथे."

खाली पाणी धक्क्याच्या पायांवर आपटत होतं.

"मग दुसऱ्यांदा नाही वाटली?"

"वाटली की. पहिल्यापेक्षा जास्त वाटली."

"मग कसा बोललास?"

"तू पुढे गेली होतीस," आबा म्हणाले.

तिने मान डोलावली, गणिताचं उत्तर पटल्यावर डोलवावी तशी. मग दुसराही हात खिशातून काढला, उभी राहिली, आणि आबांना उठवायला दोन्ही हात पुढे केले. आबांनी ते धरले.